टॉवेलवाली खुर्ची

नंदुरबारच्या सेंट मार्था विद्यापीठात कोण किती मोठा हे कळायला पदव्या वाचत बसायची गरज नाही. खुर्ची बघायची. प्लास्टिकची असली तर माणूस तासिका तत्त्वावरचा. लाकडी असली तर कायम झालेला. चाकांची असली तर विभागप्रमुख. आणि चाकांच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेला असला, तर समजायचं की आत बसलेत ते अधिष्ठाता, म्हणजे डीनसाहेब, आणि ते 'बसा' म्हणेपर्यंत आपण उभं राहायचं. हा टॉवेल नेमका कशासाठी असतो हे विद्यापीठात कोणालाच ठाऊक नाही. त्याला हात कोणी पुसत नाही, तोंड तर नाहीच नाही. सोमवारी शिपाई धुतलेला आणून टाकतो, पुढच्या सोमवारी न वापरलेला काढून परत धुवायला नेतो.

मराठीचे उमाकांत सर गेली कित्येक वर्षं लाकडी खुर्चीवर बसत होते. तापीकाठच्या शेतकरी घरातला माणूस, डोक्याने हुशार, अक्षर सुरेख. घरात आईबापांशी आणि बायकोशी अहिराणी, पण विद्यापीठाच्या गेटातून आत शिरले की एकदम प्रमाण मराठी. इतकी प्रमाण की चहावाल्यालासुद्धा 'किंचित साखर अधिक घालाल का' असं विचारायचे, आणि तो बिचारा आधी घाबरून त्यांचं तोंड बघायचा. अहिराणी बोलताना आपल्याला कोणी ऐकलं तर वर्गातला मान जाईल अशी त्यांची पक्की समजूत होती.

एका सकाळी फादरांनी त्यांना बोलावलं. फादर म्हणजे आमचे कुलगुरू, वसईकडचे, उंच, शांत, आणि गोड बोलून माणसाच्या गळ्यात काहीही अडकवण्यात तरबेज.

"उमाकांत सर, पुढच्या महिन्यात पाहणी समिती येतेय," फादर म्हणाले. "या वेळी त्यांचा सगळा भर विविधता, समता आणि समावेशनावर आहे. मी समावेशन कक्ष काढतोय. समन्वयक तुम्ही."

"पण फादर, मला त्यातलं…"

"तुमची भाषा चांगली आहे. आणि हो, विद्यार्थी कल्याणाला अधिष्ठाता नेमायचाय. दोन नावं आहेत, तुमचं आणि कॉमर्सच्या जगदीश सरांचं. समितीची भेट कशी होते ते बघून ठरवू."

उमाकांत सर बाहेर आले ते तरंगतच. दुपारी जेवायला घरी गेल्यावर त्यांनी बायकोला, म्हणजे स्वप्नालीला, अगदी हळू आवाजात सांगितलं. स्वप्नालीने तितक्याच हळू आवाजात शेजारच्या भिकुबाईंना सांगितलं. भिकुबाईंना हळू आवाज मुळात नाहीच. संध्याकाळी सर दूध आणायला निघाले तर अख्खी कॉलनी त्यांच्याकडे बघून हसत होती.

"सर, ऐकं मी, तुम्हले टावेल भेटी ऱ्हायना म्हणे?" भिकुबाई ओट्यावरून म्हणाल्या. "मन्हा भाऊ तहसीलमा व्हता. त्याले टावेल भेटना आनि मंग तो कोनसंगे बोलेच ना."

"अद्याप निश्चित नाही," सर म्हणाले.

निश्चित नव्हतं, पण स्वप्नाली तोवर मावसबहिणीच्या लग्नाच्या खरेदीला सुरतला जाऊन आली आणि येताना एक टॉवेल घेऊन आली. पांढराशुभ्र, मऊ, काठाला निळी वेलबुट्टी. विद्यापीठाचा टॉवेल म्हणे खरखरीत असतो. तो तिने कपाटात वरच्या कप्प्यात ठेवला, आणि सर रोज रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी शोधण्याच्या निमित्ताने कपाट उघडू लागले.

आता समावेशन कक्षाची गोष्ट ऐका. त्यासाठी जी खोली मिळाली ती जुन्या इमारतीतली, खेळाचं सामान ठेवायची. जोत्यावर चढून जायला उंच उंच पायऱ्या. सरांनी आतली फुटकी कॅरम बोर्डं बाहेर काढली, दारावर पाटी लावली आणि टेबलामागे बसले. पहिला विद्यार्थी आला तो भूपेश. इतिहासाच्या शेवटच्या वर्षाचा, दोन्ही पाय लहानपणापासून अधू, तीनचाकी सायकलवरून फिरणारा आणि जिभेने फार धारदार. तो पायऱ्यांखाली थांबला आणि तिथूनच ओरडला.

"सर, मला एक तक्रार करायचीये."

"अवश्य. आत या."

"तीच तक्रार आहे. मला आत येता येत नाही."

सरांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी त्याच दिवशी रॅम्पसाठी अर्ज केला. इथून पुढे तो रॅम्प आणि सर यांची जी ससेहोलपट झाली ती सांगायला बसलं तर मुख्य गोष्ट राहून जाईल. थोडक्यात एवढंच की बांधकाम विभाग म्हणाला, तीन ठेकेदारांची दरपत्रकं आणा. सरांनी आणली. तिन्ही दरपत्रकं इंद्रसिंग ठेकेदाराचीच निघाली, एक त्याच्या नावाने, एक बायकोच्या आणि एक मेव्हण्याच्या. मग उद्यान विभाग म्हणाला, तिथे फादरांच्या गुलाबांचा वाफा आहे, आमचा ना-हरकत दाखला लागेल. मग फाईल मुंबईला, संस्थेच्या मुख्य कार्यालयात गेली. मुंबईहून विचारणा आली की रॅम्पची गरज असल्याचा पुरावा काय. भूपेश म्हणाला, मलाच पाठवा मुंबईला, पार्सल करून. जगदीश सर वरचेवर येऊन विचारायचे, "बेसिकली, रॅम्पचं काय झालं?" आणि उत्तर न ऐकता निघून जायचे. या जगदीश सरांचं वैशिष्ट्य असं की त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीची स्लाईड तयार असे. न झालेल्या कामाची तर फारच छान असे.

समिती यायला थोडेच दिवस उरले आणि नवीन अट समजली. कक्षाला सल्लागार मंडळ हवं, आणि त्यात डोंगरातला एक पालक हवा. विद्यापीठात सातपुड्यातली मुलं पुष्कळ, पण त्यांच्या आईबापांना आजवर कोणी गेटाच्या आत बोलावलं नव्हतं. सरांना रिना आठवली. मराठी बी.ए.ला होती, मोलगीच्या वरच्या एका पाड्यावरची. घरी पावरी बोलायची, बाजारात अहिराणी, वर्गात प्रमाण मराठी. तिन्ही भाषांत ती कमीच बोलायची, पण जे बोलायची ते अचूक असायचं.

"तुझ्या वडिलांना मंडळावर घ्यायचंय," सर म्हणाले. "मी स्वतः निमंत्रण द्यायला येतो. आणि हे बघ, दुभाषी म्हणून तू असशील. मी बोलेन ते शब्दाला शब्द सांगायचं. त्यात आपल्या मनाचं काही घालायचं नाही."

"बरं सर," रिना म्हणाली.

मोलगीच्या आठवडे बाजाराच्या दिवशी सर लग्नातला कोट घालून निघाले. अक्कलकुव्यापर्यंत एसटी, पुढे जीप. जीपमध्ये त्यांच्या मांडीवर कोणीतरी न विचारता एक कोंबडी ठेवली आणि उतरताना न विचारता उचलून नेली. बाजारात रिनाचे वडील, दोधू, मिठाच्या दुकानापाशी उभे होते. खांद्यावर कुऱ्हाड, डोक्याला फेटा. शेजारी त्यांची आई दिवलीबाई, वाळलेल्या मासळीचा भाव पाडत असलेली, आणि आजूबाजूला सगळा पाडा.

सरांनी घसा साफ केला. लोक जमलेले दिसले की त्यांना भाषण सुचतं, त्याला ते तरी काय करणार?

"बंधुभगिनींनो," ते म्हणाले, "आमचं एक काम आहे. काम फार मोठं आहे. ते माझ्या एकट्याच्या हातून होणारं नाही. सगळ्यांचे हात लागतील तेव्हाच ते उभं राहील. येत्या सोमवारी आपण आमच्याकडे यावं अशी माझी विनंती आहे. जेवण आमच्याकडेच."

रिनाने एकदा सरांकडे नीट बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं आणि मग आनंद. मग तिने शब्दाला शब्द सांगितलं. दिवलीबाईने मासळी खाली ठेवली.

दोधूने सरांना आपल्या बाजारी मराठीत विचारलं, "जेवण तुझ्याकडे?"

पहिल्या भेटीत 'तू' ऐकून सरांचं मन दुखावलं. डोंगरात देवालाही 'तू'च म्हणतात हे त्यांना माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि कोट घातलेला असताना ऐकणं वेगळं. ते म्हणाले, "अर्थातच, आमच्याकडे."

दोधूने मागे वळून लोकांकडे पाहिलं. लोकांनी माना डोलावल्या. "येतो," दोधू म्हणाला. काम काय आहे हे कोणीही विचारलं नाही. सरांना वाटलं, किती साधी माणसं.

सोमवार उजाडला. बाजार समितीच्या पटांगणात मिरच्या वाळत पडलेल्या, वारा विद्यापीठाच्या दिशेने, त्यामुळे सगळा स्टाफ सकाळपासून शिंकत होता. समितीची गाडी सुरतेकडून यायची होती आणि ती उशिरा धावत होती. उमाकांत सरांनी सभागृहात गोल टेबल मांडलं होतं. गोल अशासाठी की कोणी मोठं नाही, कोणी लहान नाही. मग त्या गोल टेबलाशी कोणी कुठे बसायचं यावर त्यांचा आणि जगदीश सरांचा सकाळभर वाद झाला होता. शेवटी प्रत्येक खुर्चीपुढे नावाची चिठ्ठी ठेवली. एका चिठ्ठीवर सरांच्या सुरेख अक्षरात होतं: 'श्री. दोधू, पालक प्रतिनिधी'. पलीकडे समितीसाठी केटररने पनीर, पुलाव आणि जिलेबी मांडायला घेतली होती.

तेवढ्यात गेटावरच्या दिलवरसिंगचा फोन आला.

"सर, तुम्हना पालक उना."

"उत्तम. आदराने आत पाठवा."

"पन तो एकटा नही शे, सर. गेटमा मावी नही ऱ्हायना."

सर धावत गेटाशी गेले. जीपमागून जीप रिकामी होत होती. टपावरून माणसं उतरत होती, मागून बाया उतरत होत्या, आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. कुदळ, फावडं, टोपली, पहार. सगळ्यांत पुढे दोधू आणि त्याच्या जरा पुढे दिवलीबाई.

"काम दाखव," दोधू म्हणाला.

"आधी बसा ना," सर कसेबसे म्हणाले. "सभा आहे. आपल्यासाठी खुर्ची…"

"काम झाल्यावर बसू."

सरांनी रिनाला बाजूला घेतलं. "हे काय आहे? मी यांच्यातल्या एकाला बोलावलं होतं."

"नाही सर. तुम्ही लाह बोलावलीत," रिना म्हणाली.

आणि तिने शांतपणे सांगितलं. डोंगरात एखाद्याचं काम मोठं असलं, घर बांधायचं, बांध घालायचा, तर तो चारचौघांत म्हणतो, काम मोठं आहे, एकट्याने होणारं नाही, या, जेवण माझ्याकडे. हीच लाह. मग प्रत्येक घरातून माणूस येतो. काम काय ते विचारणं बरं दिसत नाही. हाक आली की जायचं, तिथे गेल्यावर दिसतंच. मजुरी नसते. काम झालं की एका रांगेत बसून जेवायचं.

"मग तू मला तिथेच का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना सर, मनाचं काही घालायचं नाही. आणि मला वाटलं तुम्ही कागदांना कंटाळून रॅम्पची लाह बोलावली. मला फार बरं वाटलं होतं. भूपेशलासुद्धा मी सांगून टाकलंय."

भूपेश खरंच जुन्या इमारतीपाशी सायकल लावून बसला होता. नवा शर्ट घालून.

"आणि यांना परत पाठवलं तर?" सरांनी विचारलं.

"जातील की," रिना म्हणाली. "पण मग पुन्हा कोणी येणार नाही. तुमच्या हाकेला नाही, आणि आमच्या घरच्याही नाही. बाबांनी सगळ्यांना आणलंय ना."

सरांच्या डोळ्यांपुढे दोन चित्रं आळीपाळीने येऊ लागली. एकात पांढरा टॉवेल होता. दुसऱ्यात नवा शर्ट. ते जुन्या इमारतीकडे चालू लागले आणि सगळी लाह त्यांच्या मागून निघाली. तिथे चॅपलच्या कुंपणाचे उरलेले दगड आणि मुरूम वर्षभर पडूनच होता. दोधूने पायऱ्यांकडे पाहिलं, भूपेशच्या सायकलकडे पाहिलं, आणि मान हलवली. त्याला काम दिसलं होतं.

एवढ्यात जगदीश सर बांधकाम विभागाच्या माणसाला घेऊन आले. "सर, बेसिकली हे करता येणार नाही. टेंडर नाही, मंजुरी नाही. फाईल मुंबईला आहे. समितीसमोर अनधिकृत बांधकाम दिसलं तर तुमच्या डीनशिपचं काय होईल, विचार करा."

विचार तर ते करतच होते. नेमकं त्याच वेळी एक म्हातारा खांद्यावरची पहार खाली न ठेवता, उन्हात, सरांच्या तोंडाकडे बघत उभा होता. या माणसांना आपणच बोलावलंय हे सरांच्या मनात आलं, आणि मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते प्रमाण मराठी नव्हतं.

"चुलामा घाल ती फाईल," उमाकांत सर म्हणाले, आणि आवाज असा लागला की केटररच्या पोरांनीही माना वळवल्या. "त्या लोके सकायपाईन उभा शेतस, आनि तू माले टेंडर सांगी ऱ्हायना? करा रे भो सुरू. मी शे आठे."

दिलवरसिंगने गेटावरूनच टाळी वाजवली म्हणतात. सर स्वतः दचकले. पण भोवती जमलेली वर्गातली पोरं हसायच्या ऐवजी कुदळी उचलायला धावली, आणि सरांचा मान जाणार जाणार म्हणता राहिला तो राहिलाच.

मग काम सुरू झालं. दगड हातोहात निघाले. गुलाबांचा वाफा पहिल्याच फटक्यात गेला. झाडं मात्र बायांनी मुळासकट काढून नीट ओळीने सावलीत ठेवली. रॅम्प किती रुंद हवा हे कोणी सांगितलंच नव्हतं, तेव्हा डोंगरात जो हिशेब असतो तो लावला गेला: बैलगाडी गेली पाहिजे. मध्ये येत होती म्हणून 'समावेशन कक्ष' ही पाटी काढून ठेवावी लागली. उमाकांत सर कोट काढून इकडून तिकडे सूचना देत होते आणि त्या कोणी ऐकत नव्हतं. जगदीश सर मोबाईलवर फोटो काढत होते.

दुपार कलायच्या आत रॅम्प उभा राहिला. भूपेशची सायकल एका दमात वर गेली. तो थेट कक्षात शिरला, आतल्या मोडक्या टेबलाकडे बघितलं आणि बाहेर तोंड काढून म्हणाला, "सर, दुसरी तक्रार. आत वळायला जागा नाही." असं म्हणताना त्याचा आवाज मात्र नेहमीसारखा धारदार नव्हता.

आता जेवण. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या फुलवंताबाईंनी एवढ्या माणसांच्या भाकरी ऐनवेळी होणार नाहीत म्हणून हात वर केले. राहिलं समितीचं पनीर. सरांनी गलका ऐकून आलेल्या फादरांकडे पाहिलं. फादर बराच वेळ आपल्या उपटलेल्या गुलाबांकडे बघत उभे होते. मग ते म्हणाले, "आपली सेंट मार्था स्वयंपाकघराची संत. दारात आलेल्याला उपाशी पाठवलं तर तिला मी काय तोंड दाखवू? वाढा."

कडुनिंबाखाली रांग बसली. दिवलीबाईने पनीरचा तुकडा बोटांनी दाबून पाहिला आणि कोंबडी नाही का म्हणून विचारलं. नव्हती. मग तिने जरा खालच्या आवाजात आणखी एक विचारणा केली, जी रिनाने भाषांतर न करता खाली बघून तशीच सोडून दिली. पण फादरांना कळलं. लाहेला मोहाची लागतेच.

"आमच्याकडे थोडी द्राक्षाची असते," फादर संकोचून म्हणाले, "पण ती पूजेची आहे."

"आमचीही पूजेचीच असते," दिवलीबाई म्हणाली. फादर हसले आणि तिच्या शेजारी रांगेत बसले. पाण्यावरच भागवलं दोघांनी.

अशा थाटात सगळं चाललेलं असताना पाहणी समिती आली. पहिल्यांदा शिंकली, मग सभागृहात गेली. गोल टेबल रिकामं, चिठ्ठ्या जागच्या जागी, जेवणाची भांडी चाटूनपुसून स्वच्छ. समितीच्या अध्यक्षबाईंना भूक लागली होती, आणि भुकेल्या माणसाला समावेशन समजावून सांगणं अवघड असतं. त्यांनी रॅम्पचा मंजुरी आदेश मागितला. सरांनी खरं ते सांगितलं, की मंजुरी नाही, लाह झाली. बाईंनी विचारलं, "हे कोणत्या नियमात बसतं?" तेवढ्यात जगदीश सरांनी पडदा खाली ओढला आणि स्लाईड लावल्या. 'लोकसहभागातून सुगम्यता: एक अभिनव प्रारूप'. सगळे फोटो होते. फक्त उमाकांत सर एकाही फोटोत नव्हते. एका ठिकाणी त्यांचा कोट दिसत होता, फांदीवर टांगलेला.

पंधरवड्यात निकाल आला. समितीने अभिनव प्रारूपाची प्रशंसा केली. जगदीश सर अधिष्ठाता झाले. उमाकांत सरांना विनापरवाना बांधकाम आणि उद्यानाच्या नुकसानीबद्दल ताकीद मिळाली. फादरांनी ती स्वतः आणून दिली आणि म्हणाले, "मला द्यावी लागतेय, सर. गुलाब मात्र लागलेत पुन्हा, फुटवे आलेत." सरांनी मान हलवली. फादरांवर रागवायला गेलं तरी राग टिकत नाही, हीच मोठी पंचाईत.

पण घरी येऊन ते आढ्याकडे बघत पडले. वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, उगाच कशाला नाकारायचं. माणसाने एक खुर्ची मनात धरावी आणि तिच्यावर दुसरा बसावा, याला औषध नाही. कॉलनीतले लोक भेटायला येऊ लागले, कोणी दगावल्यासारखे. एकाने कोर्टात जायचा सल्ला दिला, दुसऱ्याने शनिवार धरायचा. भिकुबाई आल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"सुरतना टावेल शे, कपाटमा ठेईसन काय लोनचं घालशात? वापरी ल्या."

कपाट उघडणं सरांनी सोडलं होतं.

आणि एक दिवस रिना दारात उभी राहिली. "सर, बाबांनी लाह बोलावलीये. नवीन घर बांधायचंय. या रविवारी."

"हो का? वा. त्यांना माझ्या शुभेच्छा सांग."

रिना हलली नाही. "सर, लाहेला शुभेच्छा नसतात. माणूस असतो. तुमच्या हाकेला ते आले होते."

"अगं, पण मला त्यातलं काय येतं? मी मराठीचा माणूस."

आतून स्वप्नाली बाहेर आली. टॉवेलचं दुःख तिला सरांपेक्षा जास्त झालं होतं, पण ती शेतकऱ्याची लेक होती. "तुम्ही त्यासले बलायं ना?" ती म्हणाली. "मंग जानं पडी." आणि तिने कपाट उघडून वरच्या कप्प्यातला टॉवेल काढला आणि सरांच्या हातात दिला. "ऊन लागी. डोकाले गुंडायाले व्हई."

रविवारी सर पुन्हा मोलगीला उतरले आणि तिथून पाड्यापर्यंत चालत गेले. या वेळी कोट नव्हता. घराचे सागाचे खांब उभे राहिले होते, भिंतींना माती चढत होती. दोधूने त्यांना पाहिलं आणि मातीच्या टोपल्यांकडे बोट दाखवलं. सरांनी टोपली उचलली तर ती डोक्यावर बसेना, टोचायला लागली. दिवलीबाईने त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला, दोन पीळ देऊन त्याची चुंबळ केली आणि त्यांच्या डोक्यावर दाबून बसवली. निळी वेलबुट्टी चिखलात दिसेनाशी झाली. सकाळभर सरांनी माती वाहिली. दोनदा घसरले, एकदा पूर्ण टोपलीसकट पडले, आणि पाड्यातल्या सगळ्या बाया त्यांच्याकडे बघून मनसोक्त हसल्या. पण टोपली काढून घ्यायला कोणी आलं नाही.

उन्हं चढल्यावर खाली रस्त्यावर विद्यापीठाची गाडी थांबली. नवे अधिष्ठाता जगदीश सर वर चढून आले, गळ्यात कॅमेरा, मागे सामान घेतलेला शिपाई. त्यांना पुढच्या स्लाईडसाठी फोटो हवे होते. दोधू लगबगीने पुढे झाला. घरातली एकुलती एक खाट झाडाखाली आणली, तिच्यावर नवीकोरी चादर टाकली, आणि जगदीश सरांना मानाने बसवलं. पाण्याचा तांब्या दिला. मग त्यांच्यापुढे निराळं ताट आलं.

इकडे जमिनीवर रांग बसायला लागली. उमाकांत सर माती झटकत आले. पाठ मोडून आली होती. समोर खाट होती, खाटेवर जागा होती, वर नवी चादर होती, आणि त्यांचे पाय आपोआप तिकडे वळले. शेवटी तेही प्राध्यापकच होते.

दिवलीबाईने त्यांचा दंड धरला.

"तिकडं कुठं चालला?" ती म्हणाली. "ती खाट पाहुण्याची. तू काय पाहुणा आहे? तू लाहेतला."

आणि तिने दोन माणसांना थोडं सरकायला सांगून रांगेत जागा केली.

सर क्षणभर उभे राहिले. खाटेवर जगदीश सर एकटेच बसले होते. ताटातलं कालवण कसं खायचं ते विचारायलाही जवळ कोणी नव्हतं. उमाकांत सरांनी डोक्यावरची चुंबळ सोडली, त्या सुरतेच्या टॉवेलने आधी तोंड पुसलं, मग मान, मग दोन्ही हात, आणि दोधूच्या शेजारी मांडी घालून बसले.

"भूक लागी गई भो," ते म्हणाले, आणि दोधूने त्यांच्या पानात आधी भाकरी वाढली.